तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : इंग्रजी पुस्तकांतले जिप्सी आणि त्यांची भाषा

मागच्या अंकात भटक्या लोकांच्या भाषांवर एक छोटी नोंद दिली होती. त्यात युरोपातल्या रोमा लोकांबद्दल, म्हणजे आपण ज्यांना सरसकट जिप्सी म्हणतो त्यांच्याबद्दल, जेमतेम दोन ओळी होत्या आणि त्या दोन ओळींवरच सगळ्यात जास्त मेसेज आले. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून पूर्ण कॉलम यालाच देऊन टाकलाय.

प्रश्न : ताई, मी इंग्लिशमध्ये एम.ए. करतेय. वाचायला लावलेल्या अर्ध्या कादंबऱ्यांत कुठे ना कुठे जिप्सी येतात, एखादं पान दिसतात आणि गायब होतात. गाइडमध्ये लिहिलंय की ते फक्त वातावरणनिर्मितीसाठी असतात. मला ते काही पटून नाही राहिलं. हे लोक खरे कोण होते आणि प्रत्येक लेखकाला ते लागतात कशाला?
*एक विद्यार्थिनी, धरमपेठ*

पटत नाहीये ते बरोबरच आहे आणि पेपरात तसं लिहूही नकोस. आधी लोक कोण ते सांगते. रोमांचे पूर्वज साधारण हजारेक वर्षांपूर्वी उत्तर भारतातून पश्चिमेकडे निघाले, इराण, आर्मेनिया करत ग्रीक बोलणाऱ्या बायझंटाइन मुलखात पोचले, तिथे बराच काळ राहिले आणि मग तिथून युरोपभर पांगले. स्कॉटलंडच्या राजाच्या खजिन्याच्या हिशेबात १५०५ साली त्यांना पैसे दिल्याची नोंद आहे. लोकांना वाटलं हे इजिप्तहून आलेत, म्हणून ते इजिप्शियन आणि तोच शब्द झिजून जिप्सी. त्यानंतर २५ वर्षांत, १५३० मध्ये, आठव्या हेन्रीच्या काळात इंग्लंडमध्ये कायदा झाला की या इजिप्शियनांनी देश सोडून जावं, आणि १५५४ च्या कायद्यानं तर देशात राहिले तर थेट मृत्युदंड ठेवला. चोरी कर, मारामारी कर असं काही करायची गरजच नाही, नुसतं 'ते' असणं हाच गुन्हा!

आता हे डोक्यात ठेवून तुझ्या कादंबऱ्या परत उघड. जेन ऑस्टिनच्या 'एमा'मध्ये हॅरिएट रस्त्यानं जाते, जिप्सी पोरं भीक मागत तिला घेरतात, ती घाबरते, तिला वाचवायला एक तरुण येतो आणि जिप्सी गावातून पळ काढतात, पोलीसपाटलाची वाट बघत थांबत नाहीत. वाचताना आपल्याला हॅरिएटची काळजी वाटते, पण ते एवढ्या घाईनं का पळाले हे कायदे माहीत असल्याशिवाय कळत नाही. पुढे १८२२ आणि १८२४ च्या कायद्यांनी रस्त्याच्या कडेला तळ ठोकणं आणि भविष्य सांगणं यालासुद्धा शिक्षा ठेवली, त्यात गावांची सामायिक कुरणं कुंपणं घालून खासगी होत चालली होती, म्हणजे थांबायला जागाच उरली नव्हती.

१८४७ साली ब्राँटे बहिणींची दोन पुस्तकं आली. 'जेन एअर'मध्ये जिप्सी भविष्यवाली येते आणि ती निघते कोण, तर लाल झगा गुंडाळून बसलेला खुद्द घरमालक रॉचेस्टर. म्हणजे त्या कादंबरीतल्या त्या भविष्यवालीत जिप्सी कोणीच नाही, नुसता वेष आहे. 'वदरिंग हाइट्स'मधला हीथक्लिफ मात्र मला जास्त त्रास देतो. लिव्हरपूलच्या रस्त्यावरून उचलून आणलेलं काळंसावळं पोर, त्याला सगळे जिप्सी म्हणतात, आणि घरात आल्यावर ते पुन्हा पुन्हा काहीतरी बोलतं जे कोणालाच कळत नाही. निवेदिका त्याला नुसती बडबड म्हणते. ते पोर काय म्हणत होतं? रोमानी, म्हणजे रोमांची भाषा, बोलत होतं की आयरिश की आणखी काही? आपल्याला कधीच कळत नाही कारण एमिली ब्राँटेनं त्यातला एक शब्दही लिहिला नाही, आणि मला वाटतं तिनं ते मुद्दाम केलं, ऐकणाऱ्यांना ऐकायचंच नव्हतं हे दाखवायला. जॉर्ज एलियटची मॅगी 'द मिल ऑन द फ्लॉस'मध्ये घरून पळून जिप्सींकडे जाते, यांची राणी होऊ, यांना चार गोष्टी शिकवू अशा विचारानं, तेव्हाही ती मंडळी आपसात तिला न कळणाऱ्या भाषेत बोलतात आणि तिची घाबरगुंडी उडते.

अपवाद आहे वॉल्टर स्कॉटचा. त्याच्या 'गाय मॅनरिंग'मध्ये, १८१५ चं पुस्तक, जमीनदार जिप्सींची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती मोडतो तेव्हा मेग मेरिलिस रस्त्याच्या कडेला उभी राहून त्याला तोंडावर सुनावते. तिच्यातही गूढपणा, भाकितं सगळं आहेच, पण निदान तक्रार तिच्या स्वतःच्या तोंडची आहे आणि ती खरी आहे.

तुझ्या पेपरसाठी माझं म्हणणं असं, की या पुस्तकांतला जिप्सी माणूस बराचसा लेखकाच्या मनातला आहे, पण भाषा कोणाला बनवता येत नाही. जिथे जिथे रोमानीचा खरा शब्द छापला गेलाय तिथे थांब, तिथे खरा माणूस सापडतो.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. या लोकांच्या भाषेत मराठीसारखे शब्द आहेत असं तुम्ही लिहिलं होतं. मी आयुष्यभर व्याकरण शिकवलं त्यामुळे नुसत्या दोनचार मिळत्याजुळत्या शब्दांवर विश्वास ठेवायची सवय नाही. पुरावा काय?
*निवृत्त शिक्षक, महाल*

सर, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण शब्दांच्या याद्या सगळेच देतात, व्याकरणाचं कोणी विचारत नाही.

आधी थोडे शब्द देते, कारण ते दिल्याशिवाय राहवत नाही. पानी, नाक, कान हे तर जसेच्या तसे. दिवसाला 'दिवेस', हिंदीवाल्यांपेक्षा आपल्याला जवळचा. गावाला 'गाव', मिठाला 'लोन', आपल्या लोणच्यातलं. सुरीला 'छुरी', काळ्याला 'कालो', तहानेला 'त्रुश' म्हणजे तृषा. युरोपात जाऊन ख्रिश्चन झाले तर क्रॉसला काय म्हणायचं, तर 'त्रुशुल', आणि पाद्रीला 'रशाय', ऋषीवरून. मला हे दोन शब्द फार आवडतात, नवीन देव मिळाला तरी त्याला ठेवायला भांडी घरचीच काढली. मग काही ठिकाणी उच्चार ठरावीक पद्धतीनं बदललेत, घ चा ख, भ चा फ, ध चा थ : घर ते 'खेर', भ्राता ते 'फ्राल', भूमी ते 'फुव', आणि आपला घाम, मूळ संस्कृत घर्म म्हणजे उष्णता, तो 'खाम', अर्थ सूर्य. हे नियमानं होतं म्हणूनच याला पुरावा म्हणायचं, योगायोगात नियम नसतो. इंग्रजीत मित्राला 'पॅल' म्हणतात तो शब्द याच 'फ्राल'वरून इंग्लंडमधल्या रोमांनी दिलेला.

अंक मोजून बघा : येक, दुइ, त्रिन, श्तार, पांज, शोव... आणि पुढे एकदम एफ्ता, ओख्तो, एन्या. हे सात-आठ-नऊ ग्रीक आहेत, मग परत देश म्हणजे दहा आणि बिश म्हणजे वीस. म्हणजे कोणत्या देशात किती मुक्काम पडला हे त्यांच्या भाषेतच नोंदलं गेलंय, रस्त्याला 'द्रोम' ग्रीकमधून, घोड्याला 'ग्रास्त' आर्मेनियनमधून, गाडीला 'वुर्दोन' इराणी भाषांतून. लेखी इतिहास त्यांनी स्वतः ठेवला नाही पण अभ्यासकांनी त्यांचा प्रवास मुख्यतः या शब्दांवरूनच आखलाय.

आता व्याकरण. इंग्रजीतल्या सगळ्यात गाजलेल्या जिप्सी पात्राचं नाव आहे जॅस्पर पेतुलेंग्रो, जॉर्ज बॉरो नावाच्या लेखकाच्या पुस्तकातलं. 'पेतुल' म्हणजे घोड्याची नाल, हा शब्द ग्रीकांकडून घेतलेला. पण त्याला जे '-एंग्रो' लागलंय ते अस्सल आपल्याकडचं. ती षष्ठी आहे, अनेकवचनी, आपल्या '-आंचा'चं काम करणारी. पेतुल-एंग्रो, नालांचा, म्हणजे लोहार. इंग्लंडमध्ये स्मिथ आडनावाचे रोमा आहेत ते आपल्या भाषेत स्वतःला पेतुलेंग्रो म्हणवतात. बॉरोच्या पुस्तकाचं नावच 'लव्हेंग्रो', 'लाव' म्हणजे शब्द, तर शब्दांचा माणूस. आणि सर, पुढचं नाम स्त्रीलिंगी असलं की हेच '-एंग्री' होतं. आपण 'लोहाराचा घण, लोहाराची भट्टी' म्हणतो, मालक तोच पण प्रत्यय वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतो, अगदी तसंच. शिवाय आधी सामान्यरूप करायचं मग विभक्ती लावायची हीसुद्धा सारखी रीत : माणूस, माणसा, माणसाला, तिकडे 'मानुश', 'मानुशेस', 'मानुशेस्के'. हे कोणी बाजारात उभ्या उभ्या उसनं घेत नाही, हे आईच्या मांडीवरच शिकावं लागतं.

आपल्याकडे वर्धा रोडच्या कडेला गाडीलोहार पाल टाकून बसतात, बाई दोन्ही हातांनी घण उचलून मारते आणि माणूस सांडशीत लोखंड धरून फिरवत असतो, समोर पोत्यावर खुरपी, विळे, कुऱ्हाडी मांडलेल्या. बॉरोचं पुस्तक वाचताना पेतुलेंग्रो म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर तेच येतात. हे रोमांचे सख्खे आहेत असं मी म्हणत नाहीये, धंदा आणि रस्त्याकडेचा मुक्काम तेवढा सारखा आहे.

एक इशारा मात्र. ही मंडळी मराठी बोलत निघाली होती असा अर्थ काढायचा नाही. मराठीनं तिन्ही लिंगं सांभाळली, रोमानीत हिंदीसारखी दोनच आहेत. अभ्यासकांचं म्हणणं असं की नपुंसकलिंग उत्तरेकडच्या भाषांतून गळून पडलं तेव्हापर्यंत हे लोक भारतातच असणार, म्हणूनच निघण्याचा काळ साधारण हजार वर्षांपूर्वीचा धरतात. मूळ भाषा मध्य भारताकडच्या गटातली आणि मग वायव्येकडे काही काळ राहिलेली, हे भाषाशास्त्रज्ञ राल्फ टर्नरनं १९२६ मध्ये दाखवलं.

पहिल्यांदा हे नातं ओळखलं कोणी असंही तुम्ही विचाराल. १७८२ साली जर्मनीत योहान रुडिगरनं बार्बारा माकेलिन नावाच्या एका रोमा बाईला वाक्यं देऊन ती तिच्या भाषेत करून घेतली, मग ती हिंदुस्थानीच्या व्याकरणाशेजारी ठेवून बघितली. सगळं श्रेय पुढे पुस्तकं लिहिणाऱ्यांना गेलं, पण ती वाक्यं बार्बाराची होती, तिचं नाव लक्षात ठेवा असं मी सगळ्यांना सांगते. आणि इंग्रजी पुस्तकात रोमानी तर त्याच्याही किती आधी छापली गेली होती बघा! अँड्र्यू बोर्ड नावाच्या डॉक्टरनं १५४० च्या दशकातल्या आपल्या प्रवासाच्या पुस्तकात १३ वाक्यं दिली, 'इजिप्तची बोली' म्हणून. त्यात मांस मागायचं वाक्य आहे, भाकरी आणि दारू मागायचं आहे, 'मास' हा शब्द सरळ मांसासाठी छापलाय. अडीचशे वर्षं ते पान लोकांच्या समोर होतं आणि भारताकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

प्रश्न : 'लव्हेंग्रो' सीताबर्डीला जुन्या पुस्तकांत मिळालं, अर्धं वाचलं आणि अडकलो. हा माणूस खरं सांगतोय की बनवून सांगतोय ते कळत नाही. आणि ती म्हातारी त्याला विष का देते? त्यानं तिचं काय बिघडवलं होतं?
*सोमलवाडा*

दादा, अर्ध्यात सोडू नका, तुम्ही नेमके पुस्तकाच्या गाभ्यापाशी थांबलात.

बॉरो १८०३ मध्ये नॉरफोकमध्ये जन्मला, वडील सैन्यात त्यामुळे लहानपण गावोगाव, भाषांचं वेड असं की जिथे जाईल तिथली शिकायची. बायबल सोसायटीनं त्याला स्पेनला पाठवलं, तिथे त्यानं ल्यूकचं शुभवर्तमान स्पेनच्या जिप्सींच्या बोलीत करून १८३७ साली माद्रिदला छापलं. मग १८४१ ला स्पेनच्या जिप्सींवर पुस्तक, त्यानंतर स्पेनच्या प्रवासाचं पुस्तक जे प्रचंड खपलं, १८५१ ला 'लव्हेंग्रो', १८५७ ला 'द रोमनी राय', आणि म्हातारपणी १८७४ ला रोमानी शब्दांचा कोश. खरं किती, तर पेतुलेंग्रोमागे अँब्रोज स्मिथ नावाचा खरा माणूस होता, भाषाही खरी आहे, पण संभाषणं आणि घटना त्यानं मनानं रचल्यात, आणि त्याच्या रोमानीत नंतरच्या अभ्यासकांनी बऱ्याच चुका काढल्या. तरी मी त्याला मानते. एमिली ब्राँटेच्या पात्रांना जी बडबड वाटली, तिचेच शब्द चार वर्षांनी यानं पानापानावर लिहून ठेवले आणि जिप्सीला चांगला विचार करणारा, वाद घालणारा, आपल्या जगण्यावर प्रेम करणारा माणूस म्हणून समोर बसवलं.

आता म्हातारी. मिसेस हर्न, जॅस्परची सासू. तिचा राग एवढ्याचसाठी आहे की हा बाहेरचा पोरगा आमची भाषा शिकला. तिच्या दृष्टीनं ती चोरीच आहे. ती एका पोरीच्या हातून त्याला विषाची पोळी पाठवते, तो तळमळत पडतो आणि एक फिरता धर्मोपदेशक व त्याची बायको त्याला वाचवतात. म्हातारी पुढे स्वतः फास लावून घेते. पहिल्यांदा वाचताना ती चेटकीण वाटते, बॉरोलाही तसंच दाखवायचं असावं, पण तिच्या जागी उभं राहून बघा. ज्यांना घर नाही, जमीन नाही, ज्यांच्यावर कायदेच कायदे, त्यांच्याकडे स्वतःचं म्हणून काय उरलं होतं? हीच एक भाषा. पोलीस समोर उभा असताना आपल्या माणसाला सावध करायला, बाजारात घोड्याचा भाव आपसात ठरवायला, ती भाषा दुसऱ्या कोणाला कळत नाही हाच तिचा उपयोग होता. हा पोरगा वही काढून शब्द टिपून घेतोय, उद्या पुस्तक छापेल, परवा ते पुस्तक कोणाच्या टेबलावर असेल? तिची भीती खोटी नव्हती हो!

आणि हे कादंबरीतच होतं असं नाही. पोलंडमध्ये पापुशा नावानं ओळखली जाणारी रोमा कवयित्री होती, कोंबड्या देऊन देऊन वाचायला शिकलेली. दुसऱ्या महायुद्धात रानात लपून काढलेल्या दिवसांवर तिनं रोमानीत दीर्घ कविता केल्या. येर्झी फिकोव्स्की नावाच्या पोलिश कवीनं त्या भाषांतरित करून १९५० च्या आसपास छापायला लावल्या, आणि नेमक्या त्याच काळात सरकार भटक्यांना जबरदस्तीनं एका जागी बसवायच्या मागे होतं. तिच्याच लोकांनी ठरवलं की हिनं आपली गुपितं परक्यांना विकली आणि तिला समाजाबाहेर काढलं. तिला मनोरुग्णालयात राहावं लागलं, पुढची कित्येक वर्षं तिनं जवळजवळ काही लिहिलं नाही, १९८७ मध्ये गेली. दोष तिचा नव्हता आणि मला तर तिला वाळीत टाकणाऱ्यांनाही पूर्ण दोष देववत नाही, इतकी शतकं ज्यांचं बाहेर गेलेलं प्रत्येक वाक्य त्यांच्याच विरुद्ध वापरलं गेलं ते घाबरणारच.

बॉरोनंतर इंग्लंडात या शिकणाऱ्या बाहेरच्यांची रांगच लागली. १८८८ ला जिप्सी लोर सोसायटी नावाची त्यांची अभ्याससंस्था निघाली. त्यातला मनापासून काम केलेला माणूस म्हणजे जॉन सँपसन, लिव्हरपूलच्या विद्यापीठाचा ग्रंथपाल. इंग्लंडमधल्या रोमांचं व्याकरण तोवर इंग्रजीत विरघळलं होतं, 'मॅंडी डिक्ड द ग्राय' म्हणजे 'मी घोडा पाहिला', शब्द रोमानी पण सांगाडा इंग्रजी. सँपसनला वेल्समध्ये हार्प वाजवणारं वूड घराणं भेटलं, त्यांच्या घरात जुनी रोमानी सगळ्या विभक्त्यांसकट जिवंत होती. त्यानं वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर काढून १९२६ ला जो कोश-व्याकरणाचा ग्रंथ काढला तो आजही वापरतात. १९३१ मध्ये तो गेला तेव्हा त्याची रक्षा वेल्सच्या डोंगरावर उधळली, आणि रोमा मंडळी त्याला निरोप द्यायला आली होती.

प्रश्न : ताई, मी दिग्रसकडच्या तांड्यावरचा, जॉबसाठी नागपूरला आहे. आमच्याकडे कार्यक्रमात सांगतात की युरोपातले जिप्सी म्हणजे आपलेच गोर, म्हणजे बंजारा, भाऊ. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओपण फिरून राहिले, घागरे, आरसे, नाच सगळं सारखं. खरं काय आहे? खरं असलं तर फार अभिमान वाटेल.
*हुडकेश्वर*

भाऊ, जे आहे तेच सांगते. घागरा आणि आरशांवरून नातं ठरत नाही, भाषेवरून बरंच ठरतं. गोरबोली राजस्थानीच्या घरातली आहे आणि तुमचे तांडे उत्तरेकडून दख्खनला उतरले ते बैलांवर धान्य आणि मीठ लादून, मुघल फौजांना रसद पुरवत. रोमा त्याच्या कित्येक शतकं आधीच निघून गेले होते. त्यांच्या भाषेत 'त्रिन', 'अंगुश्त' अशी जुनी जोडाक्षरं अजून टिकून आहेत, तीन म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या भाषांत ती कधीच झिजून गेली. म्हणजे गोर आणि रोमा लांबचे चुलत असू शकतात, जसे मराठी आणि रोमाही आहेत, पण एकाच तांड्यातून फुटलेले दोन भाऊ हे सिद्ध झालेलं नाही. 'रोम' हे नाव 'डोम' या जुन्या जातिनामावरून आलं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात.

पण एक नातं कागदावर पक्कं आहे आणि त्याबद्दल कार्यक्रमात कोणी फारसं बोलत नाही. इंग्रज अधिकारी इथे आले तेव्हा त्यांच्या डोक्यात घरच्या जिप्सीचं चित्र तयार होतं : फिरतो म्हणजे चोर असणार, बोली कळत नाही म्हणजे कट शिजतोय. त्यांनी इथल्या फिरत्या जमातींनाही सर्रास जिप्सी म्हटलं, १८८६ ला डेव्हिड मॅकरिची नावाच्या लेखकाचं 'भारतातल्या जिप्सींच्या हकिकती' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तकच आहे. १५३० ला तिकडे 'इजिप्शियन' असणं गुन्हा होता आणि १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्टनं इकडे जन्मानंच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, हजेरी लावा, पास काढा. रस्ते आणि रेल्वे आल्यावर बैलांवरचा व्यापार बसला, त्यात हा शिक्का. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यातून निघाला, लोकांच्या डोक्यातून कुठे निघालाय, तुम्हाला मी काय सांगू. तुम्ही रोमांची पुस्तकं वाचाल तर बरीच पानं ओळखीची वाटतील.

आणि अभिमानाचंच विचारता तर १९७१ साली लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली, ८ एप्रिलला, तो आता त्यांचा दिवस म्हणून पाळतात. तिथे ठरलेल्या झेंड्यात वर निळा, खाली हिरवा आणि मधे १६ आऱ्यांचं लाल चाक आहे, भारताची आठवण म्हणून. चंदीगडच्या वीर राजेंद्र ऋषींनी या चळवळीला भारतातून आयुष्यभर साथ दिली, १९७६ ला चंदीगडला रोमांचा मोठा महोत्सवही झाला. गोरबोलीत जे आजी-आजोबा गातात ते तुम्ही स्वतः रेकॉर्ड करून, लिहून ठेवा, एवढं मात्र आग्रहानं सांगते. ते काम बाहेरच्या कोणी वही घेऊन येऊन करण्याआधी तुमच्या हातून झालेलं बरं.

प्रश्न : जिप्सी म्हणावं की रोमा? ऑफिसात वाद झाला.
*हिंगणा रोड*

इंग्लंडमध्ये बरेच जण स्वतःला अभिमानानं जिप्सी म्हणवतात, तिथल्या जनगणनेच्या फॉर्ममध्येही तो रकाना आहे आणि २०२१ पासून रोमा हा वेगळा रकाना आला. युरोपात इतरत्र मात्र जर्मन 'त्सिगॉयनर' किंवा रोमानियन 'त्सिगान' हे शब्द शिवीसारखे लागतात, नाझींनी तर याच नावाखाली लाखोंना मारलं, म्हणून तिथे रोमा, जर्मनीत सिंती आणि रोमा. समोरचा स्वतःला जे म्हणतो ते म्हणा. आणि आयरिश ट्रॅव्हलर्स वेगळे, ते भारतातून गेलेले नाहीत, त्यांची शेल्टा बोलीही वेगळी.

प्रश्न : कादंबऱ्या नकोत, प्रवासवर्णनं वाचायची आहेत. कुठून सुरू करू? इंग्रजी बरं आहे, पण फार जड नको.
*मनीषनगर*

बॉरोची मुख्य पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत, स्पेनच्या प्रवासाचं आधी घ्या, ते पळतं. १९३३ चं वॉल्टर स्टार्कीचं 'रॅगल टॅगल' मजेदार आहे, डब्लिनचा हा प्रोफेसर व्हायोलिन घेऊन हंगेरी-रोमानियात पायी फिरला आणि वाजवून पोट भरलं, पण जिप्सी म्हणजे संगीत आणि मोकळा वारा हेच त्याला दिसतं, त्याच रोमानियात १८५६ पर्यंत रोमा गुलाम म्हणून विकले जात होते याचं ओझं त्या पानांवर फारसं जाणवत नाही. इझाबेल फोन्सेकाचं १९९५ चं 'बरी मी स्टँडिंग' कम्युनिझम कोसळल्यानंतरच्या पूर्व युरोपातलं, पापुशाची गोष्ट नीट वाचायची तर तिथे मिळेल. काही रोमा अभ्यासकांना ते आवडलं नाही, त्यांच्या तक्रारी समजून घ्यायच्या तर इयन हॅनकॉकचं 'वी आर द रोमानी पीपल' सोबत ठेवा, हॅनकॉक स्वतः रोमा आणि भाषाशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले.

पण एकच घ्यायचं असेल तर २०१८ चं डेमियन ल बासचं 'द स्टॉपिंग प्लेसेस' घ्या. इंग्लंडमधल्या रोमा घरातला हा पोरगा, ऑक्सफर्डला शिकला, आणि पणजीच्या तोंडून ऐकलेल्या मुक्कामाच्या जागा शोधत एका ट्रान्झिट व्हॅनमध्ये ब्रिटनभर हिंडला. या जागांना त्यांच्या बोलीत 'अॅचिन टॅन' म्हणतात, त्यातलं टॅन म्हणजे आपलं ठाणं, मुक्कामाचं ठिकाण. कुठे बायपास झालाय, कुठे दगड टाकून गाड्या आत येणार नाहीत अशी सोय केलीये, कुठे अजून जुनी चूल पेटवता येते. बॉरो ज्या भाषेसाठी लोकांच्या तंबूबाहेर ताटकळत बसायचा ती इथे घरातल्या घरात बोलली जाते आणि आपल्यासाठी काय छापायचं, काय नाही, हे लेखक स्वतः ठरवतो. नागपूरच्या दुकानात बहुतेक ठेवलेलं नसेल, मागवून घ्यावं लागेल.